वापरून संपलेले घर

एका जुन्या शेतकरी कुटुंबाचे राहते घर आता संग्रहालय झाले आहे. ते पाहायला गेले असताना, वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीच्या दारात माझ्या पुढे एक वयस्कर बाई उभ्या होत्या. दारात आडवा दोर होता. खिडकीचे पडदे अर्ध्याहून खाली ओढलेले होते आणि त्या बेताच्या उजेडात, पलंगाच्या पायथ्याशी, गडद लाकडाचा एक पाळणा ठेवला होता. बाई दोरावर हात टेकवून त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळण्याचा प्रश्न नव्हता, पण काहीतरी चालले होते एवढे दिसत होते. मग त्यांची नजर भिंतीवरच्या लहानशा कार्डाकडे गेली. ‘पाळणा. त्याच काळातील, या कुटुंबाच्या वापरातील नव्हे.’ बाईंनी दोरावरचा हात काढून घेतला. दाराशी खुर्चीवर बसलेल्या कर्मचारी बाईंना त्यांनी विचारले, ‘‘मग या घरातला पाळणा गेला कुठे?’’ ‘‘ते आता कुणालाच माहीत नाही,’’ असे उत्तर आले. त्यांनी मान हलवली आणि त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. मला मात्र त्या प्रश्नाने धरून ठेवले, आणि उरलेले घर मी त्याच प्रश्नासकट पाहिले.

पाळणा जातो कुठे? घरात पाळण्याइतकी फिरती वस्तू दुसरी क्वचितच असेल. थोरल्याचा पाळणा धाकट्याला येतो, तिथून चुलत घरी जातो, तिथून शेजारी, आणि काही वर्षांनी पुन्हा घरी परततो तो एका बाजूने खिळखिळा होऊन. निखळलेली दांडी ठोकून बसवली जाते, खचलेल्या तळाला नवी फळी मारली जाते. पुढे कधीतरी तो दुरुस्तीच्या पलीकडे जातो आणि त्याचे लाकूड चुलीत जाते. त्या दिवशी कुणी हळहळत नाही, कारण घरात इतर शंभर कामे चाललेली असतात आणि जाळायला सुके लाकूड हवेच असते. ज्या पाळण्यात या घरातली मुले खरोखर वाढली, तो न उरणे हेच स्वाभाविक होते. कार्डावर ज्याची नोंद होती तो दुसऱ्या कुठल्यातरी घरातला, फारसा कामाला न आलेला पाळणा असणार. म्हणून तर तो इतका धड होता.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की अशा घरातल्या खोल्या वेगळ्याच दिसू लागतात. बैठकीच्या कपाटात जेवणाच्या बशांचा अख्खा संच होता, एकाही बशीचा कपचा उडालेला नव्हता. रोज सकाळी ज्या कपांतून या घराने काही गरम प्यायले असेल, त्यांतला एकही कुठे नव्हता. काचेच्या पेटीत लग्नातला पोशाख होता, बारीक टाके आणि पातळ लेस अजून शाबूत असलेला. शेतात घालून जाण्याचे कपडे नव्हते, आणि ते कुठे गेले असतील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ते आधी ठिगळांनी भरले असतील, मग त्यांतले धड तुकडे कापून लहान मुलांचे काहीतरी शिवले असेल, मग त्याची फडकी झाली असतील, आणि शेवटी ती फडकी या फरशीवरच झिजून गेली असतील. जुन्या वस्तू सांभाळणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते: समारंभाचे कपडे उरतात, कामाचे उरत नाहीत, पाहुण्यांसाठी राखलेले उरते, घरच्यांनी वापरलेले उरत नाही. त्यामुळे घराचे संग्रहालय होते तेव्हा आपल्याला त्या घराचे सणासुदीचे दिवस दाखवले जातात आणि वर्षातले बाकीचे सगळे दिवस गळून पडतात. दाखवणाऱ्यांचा यात काही लबाडीचा हेतू नसतो. त्यांच्या हाती जे आले ते त्यांनी मांडलेले असते.

याचे मला माहीत असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातले कॅल्क ॲबी हे घर. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधलेले हे घर हार्पर क्रू कुटुंबाकडे होते आणि 1985 मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरे आणि जागा जपणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आले. या कुटुंबात काही टाकून देण्याची रीत नव्हती. एखादी खोली सामानाने भरली की तिचे दार लावायचे आणि दुसऱ्या खोलीत राहायला जायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पेंढा भरलेले पक्षी, प्राण्यांची मुंडकी, खेळणी, मोडक्या खुर्च्या, शिंपले, दगड, सगळे जिथल्या तिथे साचत गेले. ट्रस्टची माणसे आत शिरली तेव्हा त्यांना खोक्यांमध्ये बंद केलेला एक मोठा शाही पलंग सापडला; म्हणजे त्याच्याभोवती टांगायचे चिनी रेशमी पडदे सापडले. अठराव्या शतकातले ते भरतकाम, त्यावरचे पक्षी, फुले आणि माणसे, जणू कालच धागा ओवला असावा अशा ताज्या रंगांत होते, कारण त्या पडद्यांना कधी ऊन लागलेच नव्हते. तो पलंग त्या घरात बहुधा कधी उभारलाच गेला नव्हता. आज तो काचेमागे, अगदी कमी उजेडात उभा आहे आणि त्या घरातला सर्वांत मोलाचा ऐवज मानला जातो. त्या घरात जन्मलेली, आजारी पडलेली, वारलेली माणसे ज्या पलंगांवर निजली, त्यांच्यापेक्षा कुणीच न निजलेला पलंग महत्त्वाचा ठरावा, याचे मला नवल वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

पण त्याच घराबाबत ट्रस्टने जो निर्णय घेतला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी छपराची गळती थांबवली, भिंती सावरल्या, कीड आवरली, आणि तिथे हात आखडता घेतला. पोपडे धरलेला रंग तसाच ठेवला. सुटलेला भिंतीचा कागद सुटलेलाच राहू दिला. वैभवाच्या काळात घर कसे दिसत असेल याची कल्पना करून ते नव्याने सजवण्याऐवजी, हाती आले तेव्हा ते जसे होते तसेच जपायचे त्यांनी ठरवले. डागडुजी करायची, पण नवे करायचे नाही. हे बोलायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, कारण पोपडा पडू न देता पोपडा म्हणूनच टिकवायचा तर तो रंगवून टाकण्याच्या कितीतरी पट कष्ट लागतात.

मी पाहत होते ते घर एवढे मोठे नव्हते आणि तिथल्या माणसांनी असा विचार केला होता की नाही, हे मला माहीत नाही. पण खाली स्वयंपाकघरात मला एक सुरी दिसली.

टेबलाच्या कोपऱ्यावर, लाकडी पाटाशेजारी, ती ठेवलेली होती. तिच्याजवळ कार्ड नव्हते. तिचे पाते मुठीजवळ दोन बोटे रुंद होते आणि टोकाकडे येता येता करंगळीच्या नखाएवढे उरले होते. धार लावून लावून तिचा पोटाकडचा भाग आत वळला होता, म्हणजे मूळची सुरी किती रुंद असेल ते फक्त मुठीलगतच्या भागावरून ताडायचे. मूठ लाकडी, हाताच्या तेलाने काळी पडलेली. अंगठा टेकतो तिथे तिला खळगा पडला होता आणि तो एकाच बाजूला होता, तेव्हा ही सुरी वर्षानुवर्षे उजव्या हातात राहिली एवढे नक्की. मूठ पात्याला तीन ठिकाणी रिव्हेटने बसवलेली होती. त्यांतले दोन रिव्हेट लोखंडी आणि तिसरा पितळी, मागाहून कुणीतरी घातलेला. शेजारच्या पाटाला मध्यभागी इतका खोलगटपणा आला होता की त्यात पाणी साचून राहिले असते. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांनी मिळून मला या घराविषयी जे सांगितले नव्हते ते त्या दोन वस्तूंनी सांगितले. इथे कुणीतरी रोज, न चुकता, उभे राहून काम केले होते. ती व्यक्ती कोण, हे कुठेही लिहिलेले नव्हते. घरमालकाचे तैलचित्र बैठकीत होते, त्याच्या खाली जन्ममृत्यूची साले होती, त्याने किती जमीन जोडली याची माहिती होती. सुरी कुणाची होती, ते नव्हते.

टेबलाभोवती खुर्च्या पाच होत्या. टेबल सहांचे होते. त्या वेळी मी ते नुसते पाहिले आणि पुढे गेले.

घराचे संग्रहालय करणे म्हणजे झीज थांबवणे, आणि हे काम करणाऱ्या माणसांच्या दक्षतेला मी कमी लेखणार नाही. कापड आणि कागद यांच्यावर पडणारा उजेड साधारण 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आवरतात. आपण वाचायला बसतो त्या दिव्याखाली याच्या कितीतरी पट उजेड असतो. उजेडाने होणारे नुकसान दिवसागणिक साठत जाते आणि उडालेला रंग परत आणता येत नाही, म्हणून ते पडदे अर्ध्यावर ओढलेले असतात. बघायला येणाऱ्यांच्या कपड्यांतून धागे झडतात, अंगावरून त्वचेचे कण पडतात, श्वासाबरोबर ओल येते, आणि या सगळ्याची धूळ लाकडावर आणि कापडावर बसते. ती मऊ कुंचल्याने अलगद सारून, कमी ताकदीच्या यंत्राने ओढून घ्यावी लागते, आणि तीही जास्त वेळा नाही, कारण साफ करण्यानेही वस्तू झिजते. त्या घरातल्या उंबरठ्यावर आता जाड पारदर्शक पत्रा बसवला आहे. त्याखाली मधोमध दबलेले लाकूड दिसते. जिन्याच्या पायऱ्या तर मोठ्या बोलक्या आहेत: खालच्या पायऱ्या मध्यभागी झिजलेल्या, वरच्या मात्र भिंतीकडच्या बाजूला, कारण वर वळण आहे आणि तिथे प्रत्येक जण भिंतीला धरून वळत असणार. आज त्या पायऱ्यांवर गालिच्याची पट्टी आहे आणि आपण तिच्यावरूनच चालायचे. जे पाय या लाकडाला हा आकार देत होते, त्यांच्यानंतर आता कुणाच्याही पायाने त्यात भर पडू नये, अशी ती व्यवस्था. ती योग्यच आहे. तरीही त्या पट्टीवरून उतरताना मला जाणवत राहिले की घर राहते असते तोवर सतत खर्च होत असते, आणि ते खर्च होणे थांबले त्या दिवशी त्याचे घरपणही थांबले.

मग घरात काय होते हे कळायचे तरी कसे? पुष्कळदा ते कळते ते आपत्तीमुळे. ॲमस्टरडॅममधले रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे घर आज ज्या वस्तूंनी भरलेले दिसते, त्या त्याच्या नाहीत. 1639 मध्ये त्याने ते घर ऐपतीबाहेर जाऊन घेतले, 1656 मध्ये त्याचे दिवाळे निघाले, आणि देणेकऱ्यांसाठी त्याच्या घरातल्या प्रत्येक खोलीतल्या वस्तूंची यादी केली गेली. चित्रे, पुतळे, शिंपले, शस्त्रे, अंथरुणे, खुर्च्या. घर गेले, वस्तू विकल्या गेल्या, यादी मात्र उरली. आज तिथे जे मांडलेले आहे ते त्या यादीवरून, त्या काळातल्या वस्तू जमवून मांडलेले आहे. वस्तू हातातून निघून जाण्याच्या आदल्या क्षणी कुणीतरी परक्याने त्या मोजल्या, म्हणून आपल्याला ते घर दिसते. सुखाने नांदणाऱ्या घरात अशी यादी करायला कुणाला सवड असते?

कधी तर घरच निघून जाते. रशियन कादंबरीकार तोलस्तोयचे यास्नाया पोल्याना हे गावाकडचे घर पाहायला जगभरातून माणसे जातात, पण ज्या मोठ्या घरात तो 1828 मध्ये जन्मला ते घर तिथे नाही. सैन्यात असताना जुगाराचे कर्ज फेडण्यासाठी त्याने ते 1854 मध्ये विकले, आणि घेणाऱ्याने ते उतरवून दुसरीकडे नेले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे तोलस्तोय कुटुंब राहिले ते मागे उरलेल्या एका बाजूच्या इमारतीत, आणि संग्रहालय आहे ते तिथे. गेलेल्या घराच्या जागी एक दगड आणि झाडे आहेत. त्या जागी नवी इमारत उभारून ‘जन्मस्थान’ अशी पाटी लावणे अवघड नव्हते. ते केले नाही हे फार बरे झाले.

यादीचा विचार करताना मला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले मॉन्टिचेलो हे घर टाळता येत नाही. त्याचा मालक, अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, 4 जुलै 1826 रोजी कर्जबाजारी अवस्थेत वारला आणि पुढच्या जानेवारीत त्याच्या घरातले सामान, गुरे, अवजारे आणि 130 गुलाम माणसे यांचा लिलाव पुकारला गेला. सगळे एकाच जाहिरातीत. नंतरच्या काळात हे घर मोठ्या निष्ठेने जपले गेले, त्यातल्या खुर्च्या आणि घड्याळे जगाच्या पाठीवरून शोधून परत आणली गेली, आणि आलेल्या लोकांना जेफरसनची कल्पकता कौतुकाने दाखवली गेली. त्याच घराच्या दक्षिण अंगाच्या एका खोलीत सॅली हेमिंग्ज राहत असावी असे मानले जाते. जेफरसनच्या मालकीची ती गुलाम स्त्री, त्याच्या मुलांची आई. त्या जागी 1941 मध्ये पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले आणि पुढे कित्येक दशके येणारी माणसे ते वापरत राहिली. ते काढून, खालची जुनी विटांची फरशी उघडी करून, ती खोली 2018 मध्ये लोकांना दाखवायला खुली झाली. तिथे सॅलीची म्हणता येईल अशी एकही खुर्ची मांडलेली नाही, तिचे चित्र नाही, कारण तिचे चित्र कुणी काढलेच नव्हते. मला वाटते, एखाद्या घराने स्वतःविषयी सांगितलेली इतकी खरी गोष्ट दुसरी क्वचितच असेल. त्याच राज्यातल्या, जेफरसननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनच्या माँटपिलियर या घराच्या विटांमध्ये, त्या ओल्या असताना उमटलेले बोटांचे ठसे आहेत, त्या पाडणाऱ्या गुलामांचे आणि त्यांतल्या लहान मुलांचेही. ज्यांची नावे घराच्या कुठल्याही चित्राखाली लिहिली गेली नाहीत, त्यांची बोटे भिंतीत राहिली आहेत. त्या सुरीच्या मुठीवरचा खळगा पाहिल्यापासून असे ठसे मला कुठल्याही तैलचित्रापेक्षा अधिक विश्वासाचे वाटतात.

रिकाम्या खोलीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचे कुटुंब आणि आणखी चौघे, अशी आठ माणसे ॲमस्टरडॅमच्या ज्या मागच्या घरात नाझींपासून लपून राहिली, तिथले सामान त्यांच्या अटकेनंतर नेले गेले. एकटे वडील, ओटो फ्रँक, जिवंत परतले. 1960 मध्ये ते घर लोकांसाठी उघडले तेव्हा खोल्या पुन्हा सामानाने भरू नयेत, रिकाम्याच ठेवाव्यात, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. त्या काळातले पलंग आणि टेबले मिळवणे अशक्य नव्हते. पण जे नेले गेले ते नेले गेले, आणि तिथे दुसरे काही आणून ठेवणे म्हणजे नेणाऱ्यांचे काम झाकणे झाले असते. भिंतीवर मात्र पेन्सिलीच्या रेघा आहेत. त्या आईबापांनी आपल्या दोन मुलींची उंची तिथे वेळोवेळी नोंदवली होती. लपून राहण्याच्या दोन वर्षांत ॲन तेरा सेंटिमीटरने वाढली. सगळे जग बाहेर मोडत असताना मुलीला भिंतीशी उभे करून, डोक्यावर काहीतरी सपाट धरून रेघ ओढायची, हे किती घरगुती काम आहे! कुठल्याही घरात ते घडते. त्या खोलीत एक खुर्ची जरी असती तरी डोळे आधी खुर्चीकडे गेले असते आणि रेघांकडे मागाहून.

वापराची गोष्ट काढली की मला पुण्यातला जोतीराव फुले यांचा वाडाही आठवतो. एरवी आपण म्हणतो की घरातली वस्तू घरातल्यांनी वापरायची आणि म्हणून ती घराची. त्या वाड्यातला पाण्याचा हौद जोतीरावांनी 1868 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. त्या हौदाचे मोल त्याच्या दगडकामात नाही, तो किती जुना आहे यातही नाही. त्याचे पाणी कुणी भरले, यात ते आहे. अशा वस्तूपुढे उभे राहिल्यावर ‘मूळची’ आणि ‘त्याच काळातील’ हा भेद मला अपुरा वाटतो. एखाद्या घराविषयी विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच असावा: इथले काय कुणाला वापरता येत होते, आणि कुणाला येत नव्हते? स्वयंपाकघरात राबणाऱ्या त्या उजव्या हाताला बैठकीतल्या अखंड बशांत कधी जेवता आले होते का? हे कार्डावर सापडत नाही, पण घर पाहताना विचारता येते.

काही थोडी माणसे अशीही होऊन गेली, ज्यांनी घर जपले आणि त्यात राहणेही सोडले नाही. रशियन लेखक चेखव्ह 1904 मध्ये वारला, आणि क्रिमियातल्या याल्टा गावातले त्याचे घर त्याची बहीण मारिया हिने पुढे 1957 पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत सांभाळले. क्रांती, यादवी, उपासमार आणि महायुद्ध, सगळे त्या घरावरून गेले. जर्मन सैन्याने याल्टा घेतले तेव्हा घरात एक अधिकारी मुक्कामाला आला. पण भावाची अभ्यासाची आणि झोपण्याची खोली तिने त्याला वापरू दिली नाही. भावाच्या टेबलावरच्या वस्तू जिथल्या तिथे, आणि त्याच छपराखाली तिचे जेवणखाण, तिची आजारपणे, तिचे म्हातारपण. येणाऱ्यांना ती स्वतः घर दाखवी. मला नेहमी वाटते की त्या पन्नासहून अधिक वर्षांत ते घर जितके खरे संग्रहालय होते तितके दुसरे कुठलेच नसेल, कारण तिथे दोराच्या अलीकडे आणि पलीकडे एकच माणूस वावरत होते. पण याची दुसरी बाजूही मनाला टोचते. तिचे स्वतःचे आयुष्य त्या घरात कुठे ठेवलेले असते? भावाच्या खोलीतली धूळ झटकण्यात जे वापरले गेले, ते तिचे होते. मी त्या घराची माहिती वाचते तेव्हा आधी तिच्या खोलीविषयी काही लिहिले आहे का, ते शोधते.

निघण्यापूर्वी मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले. वरच्या मजल्यावरच्या त्या कर्मचारी बाई आता तिथे येऊन बसल्या होत्या. सुरीजवळ कार्ड का नाही, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या की सुरी मागाहून आली. घर आणि सामान संग्रहालयाला दिले तेव्हा कुटुंबातल्या नातीने बशा दिल्या, कपाटे दिली, आजोबांचे तैलचित्र दिले, पण सुरी दिली नव्हती, कारण ती रोज लागत होती. ती त्यांच्या आजीची, पुढे आईची, मग त्यांची. पुढे मूठ पुन्हा हलू लागली आणि ती दुरुस्त करणारा कुणी मिळेना, तेव्हा एके दिवशी त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली. कार्ड लिहायचे राहून गेले आहे. मी म्हटले, निदान तिन्ही बायकांची नावे तरी लिहा. बाईंनी मान डोलावली आणि हातातल्या वहीत काहीतरी टिपून घेतले.

मग मी खुर्च्यांविषयी विचारले. सहावी खुर्ची त्याच कुटुंबाकडे आहे, असे त्यांनी सांगितले. संग्रहालयाने ती मागितली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. आणि दर वेळी उत्तर येते की अजून आम्ही तीवर बसतो. सहाचा संच पुरा व्हावा म्हणून तशाच घडणीची, त्याच काळातली दुसरी खुर्ची आणून ठेवण्याचा विचार चालू आहे. मिळालीही आहे म्हणे कुठेतरी. हे ऐकून मी दाराशी ठेवलेली अभिप्रायाची वही मागून घेतली. आधीच्या पानांवर ‘फार सुंदर’, ‘छान जपले आहे’ असे पुष्कळ होते आणि ते खरेही होते. मी लिहिले की कृपा करून ती दुसरी खुर्ची आणू नये, टेबलाची सहावी बाजू मोकळी ठेवावी आणि तिथे एवढेच लिहावे की ही खुर्ची वापरात आहे. खाली नाव आणि तारीख घालून वही परत केली.